मुलं घराबाहेर पडली की आई खचतेच?

"मुलगा बंगळूरला, मुलगी कॅनडात; आता आई डिप्रेशनमध्ये जाणार," असं शेजारीपाजारी ठरवूनच टाकतात. 'एम्प्टी नेस्ट सिंड्रोम', म्हणजे पिल्लं उडाल्यावर रिकाम्या घरट्यात येणारं खचलेपण, हा जणू नेमून दिलेला आजार! प्रत्यक्षात डीएसएम किंवा आयसीडी या आजारांच्या अधिकृत वर्गीकरणांत असं निदानच नाही.

रडू येतं, सवयीने चार पोळ्या जास्त लाटल्या जातात, हे खरंच. पण अमेरिकेतल्या मिल्स कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींचा बरीच वर्षं मागोवा घेऊन २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुलं बाहेर पडल्यावर वैवाहिक समाधान वाढलेलं दिसलं. कारण नवरा-बायकोचा एकत्र वेळ अधिक सुखाचा जाऊ लागला होता. (आपल्याकडे घरात सासू-सासरेही असतात, तेव्हा हे जसंच्या तसं लावू नये.) आणि वडिलांना काही वाटत नाही, ही तर थापच. ते बरेचदा बोलत नाहीत, एवढंच.

मात्र दोन आठवडे उलटूनही झोप नाही, भूक नाही, कशात मन लागत नाही, असं असेल तर 'आठवण येते' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारी टेली-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, मराठीतही मोफत बोलता येतं.