‘यँकी’ : एका टोपणनावाचे अर्थ आणि त्याच्या मुळाचा शोध

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माणसाला जगभर ‘यँकी’ म्हणतात. परंतु यँकी म्हणजे नेमका कोण, हे विचारले तर उत्तर देणारा कोठला आहे यावर उत्तर बदलते. लंडनच्या किंवा मेक्सिको सिटीच्या रहिवाशाच्या लेखी कोणताही अमेरिकन यँकीच असतो. अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जियात किंवा अलाबामात, हे नाव केवळ उत्तरेकडच्या लोकांना लावतात. उत्तरेत गेल्यावर तेथील लोक ते ईशान्येच्या न्यू इंग्लंड प्रदेशाकडे, म्हणजे मेन, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि कनेक्टिकट या सहा राज्यांकडे, सरकवतात. प्रत्यक्ष न्यू इंग्लंडमध्ये मात्र सतराव्या शतकात इंग्लंडहून आलेल्या प्युरिटन वसाहतकारांचे वंशज तेवढेच अस्सल यँकी समजले जातात, आणि बॉस्टनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आयरिश किंवा इटालियन घराणे त्यात मोडत नाही. व्हरमाँटमध्ये तर न्याहारीला ‘पाय’ नावाचा भाजलेला गोड पदार्थ खाणारा तो यँकी, अशी तेथील एक प्रसिद्ध उक्ती सांगते.

बोलणाऱ्याच्या जागेवरून अर्थ ठरण्याचा हा प्रकार मराठी वाचकाला अपरिचित नाही. कोकणातला माणूस ‘घाटी’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात सह्याद्रीच्या पलीकडचा देशावरचा माणूस असतो. मुंबईत तोच शब्द कोणाही मराठी माणसाला हिणवण्यासाठी वापरला गेला आहे, आणि गोव्यात त्याचा रोख पुन्हा घाटापलीकडून येणाऱ्यांकडे वळतो. अशा नावांचे एक समान लक्षण असते. ती शेजाऱ्याने दिलेली असतात, आणि त्यांत थोडा तरी उपहास असतो. ‘यँकी’चा इतिहास पाहताना हे लक्षण ध्यानात ठेवावे लागते, कारण त्याच्या व्युत्पत्तीचा निर्णयही काही अंशी त्यावर अवलंबून आहे.

न्यू इंग्लंडच्या लोकांसाठी हा शब्द वापरल्याचा जुना आणि निश्चित पुरावा 1758 सालचा आहे. फ्रेंचांविरुद्धच्या युद्धात उत्तर अमेरिकेत लढणारा ब्रिटिश सेनानी जेम्स वूल्फ याने एका पत्रात आपल्या हाताखालील न्यू इंग्लंडच्या तुकड्यांना ‘यँकी’ म्हटले आहे. रानात भटकून टेहळणी करायला हे लोक बरे, मेहनतीला आणि दक्ष पहाऱ्याला नव्हेत, असा त्याचा अभिप्राय होता. वसाहतींतील शेतकरी-शिपायांविषयी ब्रिटिश अधिकाऱ्यांना वाटणारी तुच्छता त्यात लपत नाही, आणि पुढची वीसेक वर्षे ब्रिटिश छावण्यांत हा शब्द याच सुरात ऐकू येत राहिला.

त्याच सुरात रचले गेलेले गाणे म्हणजे ‘यँकी डूडल’. तट्टावर बसून गावात येणारा, टोपीत पीस खोवून त्यालाच ‘मॅकरोनी’ म्हणणारा असा एक गावंढळ त्यात रंगवलेला आहे. हा मॅकरोनी खाण्याचा नव्हे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये इटालियन ढंगाचा भपकेबाज पोशाख करणाऱ्या छानछोकी तरुणांना ते नाव होते. एक पीस खोवले की आपण त्या तरुणांच्या पंक्तीला बसलो असे समजणारा अडाणी म्हणजे अमेरिकन, हा त्यातला टोमणा आहे. 19 एप्रिल 1775 रोजी लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्ड येथे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक झाली, तेव्हा बॉस्टनहून कुमकेला निघालेल्या ब्रिटिश पलटणी हीच चाल वाजवत गेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत त्यांना मार खात बॉस्टनकडे माघारी फिरावे लागले, आणि त्यानंतर हे गाणे अमेरिकनांनी आपलेसे केले. 1777 मध्ये साराटोगा येथे जनरल बर्गॉइनच्या ब्रिटिश फौजेने शरणागती पत्करली. त्या फौजेतील टॉमस ॲनब्युरी या अधिकाऱ्याने पुढे लिहून ठेवले की, ज्या चालीने आपण त्यांची टर उडवत होतो ती त्यांच्या सैन्याची लाडकी चाल झाली आणि शरणागतीच्या वेळी तीच ऐकावी लागणे हे मोठे मानहानीचे होते. कनेक्टिकट राज्याने 1978 मध्ये हेच गाणे अधिकृत राज्यगीत म्हणून स्वीकारले.

शत्रूने दिलेले हिणकस नाव अभिमानाने मिरवण्याची ही प्रक्रिया समाजभाषाविज्ञानात चांगली अभ्यासलेली आहे. इंग्लंडमधील ‘व्हिग’ आणि ‘टोरी’ ही दोन्ही पक्षनावे मुळात शिव्याच होत्या. डच भाषेत तर अशा नावासाठी ‘खोझननाम’ हा स्वतंत्र शब्दच आहे. 1566 मध्ये नेदरलँड्समधील काही सरदार स्पेनच्या राजप्रतिनिधी मार्गारेट ऑफ पार्मा यांच्याकडे गाऱ्हाणे घेऊन गेले, तेव्हा दरबारातील एका सल्लागाराने त्यांना फ्रेंचमध्ये भिकारी म्हटले. बंडखोरांनी त्याच शब्दाचे ‘खोझन’ हे डच रूप आपले नाव म्हणून उचलले, आणि त्यावरून हा शब्द पडला.

अमेरिकन यादवी युद्धात (1861 ते 1865) दक्षिणेच्या सैनिकांनी उत्तरेच्या फौजेला यँकी म्हटले. युद्ध संपले तरी दक्षिणेत हा शब्द शिवीसारखाच उच्चारला जात राहिला. उत्तरेत मात्र त्याला काटकसर, व्यवहारचातुर्य आणि यंत्रकौशल्य यांचा वास आला होता. न्यू इंग्लंडचा फिरता विक्रेता लाकडाचे जायफळ कोरून खरे म्हणून विकतो, अशा कहाण्या त्या काळी सर्वत्र सांगत, आणि कनेक्टिकटला आजही ‘जायफळांचे राज्य’ हे टोपणनाव आहे. या व्यापारी वृत्तीची एक शाखा आपल्या किनाऱ्यापर्यंत आली होती. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर न्यू इंग्लंडच्या गोठलेल्या तळ्यांतील बर्फ लाकडाच्या भुश्यात बांधून जहाजाने परदेशी धाडत असे. 1833 मध्ये त्याचा बर्फ कोलकात्यास उतरला आणि पुढे मुंबईतही येऊ लागला, जेथे तो साठवण्यासाठी खास बर्फघर बांधले गेले.

पहिल्या महायुद्धात युरोपात उतरलेल्या अमेरिकन सैनिकांना मित्रराष्ट्रांनी सरसकट ‘यँक’ म्हटले, तेव्हा उत्तर-दक्षिण हा भेद देशाबाहेर पुसला गेला. लॅटिन अमेरिकेत ‘यांकी’ हा शब्द अमेरिकन सत्तेच्या विरोधातील घोषणांचा भाग बनला. फिनलंडमध्ये ‘येंकी’ म्हणजे सरळ अमेरिकन, त्यात निंदा नाही आणि स्तुतीही नाही. जपानमध्ये मात्र केस रंगवून भडक कपड्यांत हिंडणाऱ्या उनाड तरुणांना ‘यांकी’ म्हणतात, आणि अमेरिकेशी त्यांचा काही संबंध उरलेला नाही.

हा शब्द आला कोठून, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण व्युत्पत्तीचे शास्त्र कसे चालते आणि कोठे फसते, हे त्यातून फार स्पष्ट दिसते. ज्या क्षणी अमेरिकनांनी हे नाव स्वीकारले, त्या क्षणी त्यांना त्याला शोभेसे मूळ हवे झाले. कोणी ‘यांकू’ नावाच्या एका मूळ निवासी जमातीची कथा सांगितली. या जमातीला न्यू इंग्लंडच्या लोकांनी जिंकले, तेव्हा तिने ‘अजिंक्य’ असा अर्थ असलेले आपले नाव विजेत्यांना दिले, अशी ती कथा. अशी जमात कोणत्याही नोंदीत सापडत नाही. उलट बाजूने, वर उल्लेखिलेल्या ॲनब्युरीने 1789 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात हा शब्द चेरोकी या मूळ निवासी लोकांच्या भाषेतील ‘भित्रा’ किंवा ‘गुलाम’ अशा अर्थाच्या शब्दापासून आल्याचे सांगितले. चेरोकी भाषेत तसा शब्द नाही. ही दोन मुळे शेजारी ठेवली की दिसते, प्रत्येकाने आपल्या बाजूला हवा तोच अर्थ शब्दात घातला. फारसीतील ‘जंगी’शी नाते जोडणारी व्युत्पत्तीही मांडली गेली. मराठीत जंग आणि जंगी हे शब्द फारसीतून कसे आले ते आपण दाखवू शकतो, कारण बहामनी काळापासून फारसी ही दख्खनच्या दरबारांची भाषा होती; बॉस्टनच्या शेतकऱ्यापर्यंत फारसी शब्द पोहोचण्याचा असा कोणताही मार्ग नव्हता. ध्वनी जुळले, पण मार्ग सापडत नाही, अशा ठिकाणी व्युत्पत्ती थांबवावी लागते.

याहून गंभीरपणे घेतले गेलेले मत असे की, ईशान्येकडील मूळ निवासी ‘इंग्लिश’ या शब्दाचा उच्चार ‘येंगीज’ असा करत आणि त्यापासून यँकी झाले. मोरेव्हियन धर्मप्रसारक जॉन हेकेवेल्डर यांनी 1819 मध्ये त्याला पाठिंबा दिला आणि ते बराच काळ लोकप्रिय राहिले. परंतु हेकेवेल्डर यांचा काळ शब्द रूढ झाल्यानंतरचा आहे. त्याच्या कितीतरी आधी, 1643 मध्ये, रॉजर विल्यम्स यांनी नॅरगॅन्सेट या न्यू इंग्लंडमधील मूळ निवासी लोकांच्या भाषेची नोंद छापली होती. तीत इंग्रजांसाठी ‘हे परके’, ‘अंगरखे घालणारे’ आणि ‘सुऱ्या बाळगणारे’ अशा अर्थांचे शब्द आहेत; यँकीशी जुळणारे रूप त्यांत नाही.

आज बहुसंख्य अभ्यासकांचा कल डच मुळाकडे आहे. न्यू इंग्लंडच्या शेजारीच, हडसन नदीच्या खोऱ्यात, डचांची ‘न्यू नेदरलँड’ ही वसाहत होती, आणि तिची राजधानी न्यू ॲमस्टरडॅम 1664 मध्ये इंग्रजांनी घेऊन तिला न्यूयॉर्क हे नाव दिले. डच भाषेत ‘ज’च्या चिन्हाचा उच्चार ‘य’ होतो, त्यामुळे इंग्रजीतील जॉन तेथे ‘यान’ असतो. ‘यान’चे लाडके लहान रूप ‘यान्के’. त्याशिवाय ‘यान’ आणि ‘केस’ ही दोन सर्वसामान्य नावे जोडून ‘यान केस’ होते, आणि डच भाषेत चीजला ‘कास’ म्हणत असल्याने ‘चीजवाला यान’ अशी चेष्टाही त्यात साधते. ‘क’च्या आधी येणारा ‘न’ आपोआप ‘ङ’ होतो. मराठीत ‘अंत’ आणि ‘अंक’ म्हणून पाहिले की दुसऱ्या शब्दात तोच बदल जिभेला जाणवतो. डच मुळातून ‘यांकेस’ हा उच्चार असा सहज निघतो.

शेवटचा ‘स’ मग कोठे गेला, याचे उत्तरही इंग्रजीच्या ज्ञात सवयीत आहे. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी ‘स’ किंवा ‘झ’ आला की ऐकणाऱ्याला तो अनेकवचनाचा प्रत्यय वाटतो आणि तो काढून नवे एकवचन तयार होते. वाटाण्याचे जुने इंग्रजी नाव ‘पीझ’ हे एकवचनच होते, त्यापासून ‘पी’ झाले. फ्रेंचमधून आलेल्या ‘चेरीझ’पासून ‘चेरी’ झाली. त्याच रीतीने ‘यांकेस’ हे अनेक माणसांचे नाव समजले गेले आणि त्यातला एक माणूस ‘यँकी’ ठरला.

या मताला बाहेरून आधार देणारी एक नोंद आहे. 1680 च्या दशकात कॅरिबियन समुद्रात यान विलेम्स नावाचा एक डच चाचा धुमाकूळ घालत होता. 1683 मधील मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ बंदरावरच्या प्रसिद्ध लुटीत तो सामील होता, आणि इंग्रज त्याचा उल्लेख ‘कॅप्टन यँकी’ असा करत. म्हणजे डच माणसाचे टोपणनाव म्हणून हा शब्द इंग्रजांच्या तोंडी वूल्फच्या पत्राच्या पाऊण शतक आधी होता. अवघड टप्पा त्यानंतरचा आहे. डच माणसाला लावलेले नाव न्यू इंग्लंडच्या इंग्रजाला कसे चिकटले? एक शक्यता अशी की, हडसनकाठच्या डचांनी कनेक्टिकटमधून आपल्या जमिनींवर सरकणाऱ्या इंग्रजांना ते उलट मारले. दुसरी अशी की, दक्षिणेकडच्या इंग्रज खलाशांनी उत्तरेकडून येणारा प्रत्येक जण त्याच नावाखाली घातला. मला पहिली शक्यता अधिक पटते, कारण सीमेवरच्या शेजाऱ्यांचे भांडण हे अशा नावांचे नेहमीचे जन्मस्थान आहे. पण पटणे हा पुरावा नव्हे.

1683 आणि 1758 यांच्यामधला दुवा सापडायचा असेल तर तो त्या प्रदेशातील पत्रांत, न्यायालयीन जबान्यांत आणि जमिनींच्या तक्रारींत सापडेल. अल्बनी येथे न्यूयॉर्कच्या राज्य ग्रंथालयात न्यू नेदरलँडच्या डच दप्तराची सुमारे 12,000 पाने आहेत, आणि 1974 पासून चार्ल्स गेरिंग यांच्या पुढाकाराने त्यांचे इंग्रजी भाषांतर सुरू झाले. हे दप्तर मुख्यतः 1664 पूर्वीचे आहे, त्यामुळे ‘यान केस’ हे नाव त्या काळी कोण कोणाला लावत होते, एवढेच त्यातून कळू शकते. पुढच्या शतकातील डच कुटुंबांचे कागद वाचण्याचे काम त्याला जोडावे लागेल, कारण इंग्रजी अमलानंतरही हडसनच्या खोऱ्यात डच भाषा अनेक पिढ्या घरांत आणि चर्चमध्ये बोलली जात होती.