आरोग्यसेवा सुधारणा आणि लोकमत (अमेरिका)

आजारपणाचा खर्च कोणी उचलायचा, रुग्णाने, नोकरी देणाऱ्या कंपनीने, विमा कंपनीने की सरकारने, या प्रश्नावर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चाललेला वाद आणि त्यावर सामान्य लोकांनी वेळोवेळी दिलेला कौल. निवडणुका, सार्वमते आणि जनमत चाचण्या या तिन्ही वाटांनी हा कौल नोंदला गेला आहे. लोकमत एखाद्या नावाबद्दल एक बोलते आणि त्या नावाखालच्या गोष्टीबद्दल दुसरेच, हे या विषयाइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याची योजना काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, मांडली. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने ती ‘समाजवादी वैद्यक’ असल्याचा प्रचार केला आणि शीतयुद्धाच्या त्या दिवसांत तेवढा शब्द योजना बारगळायला पुरला. पासष्ट वर्षांवरील लोकांसाठीची मेडिकेअर आणि गरिबांसाठीची मेडिकेड यांच्या कायद्यावर लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी ट्रुमन यांच्याच गावी, इंडिपेंडन्स येथे सही केली. पुढे बिल क्लिंटन यांची १९९३ची योजना ‘हॅरी आणि लुईझ’ या जोडप्याच्या जाहिरातींपुढे टिकली नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे जोडपे योजनेची काळजी करत असे; जाहिरातींचा पैसा विमा कंपन्यांच्या संघटनेचा होता.

बराक ओबामा यांच्या काळात, त्यांनी आरोग्य विम्याच्या सुधारणेचा कायदा पुढे आणला तेव्हा, हा वाद सर्वाधिक पेटला. ऑगस्ट २००९ मध्ये खासदारांच्या गावसभांत आरडाओरडा झाला. सरकार म्हाताऱ्यांच्या जगण्या-मरण्याचा निवाडा करणारी ‘मृत्यू मंडळे’ नेमणार, असा आरोप रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांनी केला. मूळ तरतूद अशी होती : अखेरच्या दिवसांतील उपचारांबद्दल रुग्णाने स्वेच्छेने डॉक्टरांचा सल्ला घेतला, तर त्या सल्ल्याचे शुल्क मेडिकेअरने द्यावे. घाबरलेल्या माणसांना दोष देता येत नाही. भीती मुद्दाम पेरली गेली होती. त्याच सुमारास दक्षिण कॅरोलिनात एका मतदाराने ‘माझ्या मेडिकेअरला सरकारने हात लावू नये’ असे आपल्या खासदाराला बजावले. मेडिकेअर ही सरकारचीच योजना. ती त्याच्या आयुष्यात इतकी मुरली होती, की तिच्यामागचे सरकार त्याला दिसेनासे झाले होते.

‘अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट’ हा ओबामांचा कायदा, ज्याला लोक ‘ओबामाकेअर’ म्हणू लागले, प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी संमत झाला आणि २३ मार्च २०१० रोजी त्यावर सही झाली. त्याच्या बाजूने एकाही रिपब्लिकन सदस्याने मत दिले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकनांनी प्रतिनिधिगृहात ६३ जागा जास्त मिळवल्या. कायद्याने २६ वर्षांपर्यंतच्या मुलांना आईवडिलांच्या विम्यात राहू दिले आणि आधीपासूनचा आजार आहे म्हणून विमा नाकारण्याला बंदी घातली. मेडिक्लेमचा अर्ज भरताना मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रकान्यापाशी ज्याचा हात थबकला आहे, त्याला या बंदीचे मोल वेगळे सांगायला नको. या तरतुदी रिपब्लिकन मतदारांनाही पसंत होत्या. नापसंत होती ती विमा घेण्याची सक्ती. त्यातच ‘तुमचा विमा आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील’ हे ओबामांचे आश्वासन खोटे ठरले. २०१३च्या अखेरीस अनेकांना पॉलिसी रद्द झाल्याची पत्रे आली आणि लोकांचा राग रास्तच होता.

केंटकीत राज्य सरकारने विमा खरेदीसाठीच्या आपल्या संकेतस्थळाला ‘कनेक्ट’ असे स्वतंत्र नाव दिले होते. मे २०१४ मधील एका चाचणीत तिथल्या ५७ टक्के मतदारांचे ‘ओबामाकेअर’बद्दल प्रतिकूल मत होते, ‘कनेक्ट’बद्दल मात्र प्रतिकूल मत फक्त २२ टक्क्यांचे. दोन्हींच्या मागे कायदा एकच होता. २०१७ मध्येही सुमारे एक तृतीयांश अमेरिकनांना ‘ओबामाकेअर’ आणि ‘अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट’ एकच आहेत हे ठाऊक नव्हते.

कौल पालटला तो कायदा जाण्याची वेळ आली तेव्हा. विमा नसलेल्यांची संख्या २०१० मधील सुमारे ४ कोटी ८० लाखांवरून २०१६ पर्यंत सुमारे २ कोटी ८० लाखांवर आली होती. आता गमावण्यासारखे काही हाती होते. डोनाल्ड ट्रम्प सत्तेवर येताच कायदा रद्द करण्याच्या हालचाली सुरू झाल्या आणि त्याच वर्षी, २०१७ मध्ये, चाचण्यांत अनुकूल मत प्रतिकूल मताच्या पुढे गेले. २८ जुलैच्या पहाटे सिनेटमध्ये रिपब्लिकन जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली करून स्वपक्षाविरुद्ध मत दिले आणि रद्द करण्याचा प्रस्ताव ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडला. पुढे आयडाहो, नेब्रास्का, यूटा (२०१८), ओक्लाहोमा, मिझुरी (२०२०) आणि साउथ डकोटा (२०२२) या रिपब्लिकन बालेकिल्ल्यांतील मतदारांनी याच कायद्याने राज्यांना देऊ केलेला मेडिकेडचा विस्तार सार्वमताने करून घेतला. उमेदवार एका पक्षाचा निवडायचा आणि योजना दुसऱ्या पक्षाची स्वीकारायची, यात त्यांना विसंगती वाटली नाही. मलाही ती वाटत नाही.

सर्वांना विमा मिळावा ही सरकारची जबाबदारी आहे का, हा गॅलप या जनमत चाचणी संस्थेचा जुना प्रश्न. २००६ मध्ये ६९ टक्के ‘हो’ म्हणाले, २०१३ मध्ये फक्त ४२ आणि २०२४ मध्ये पुन्हा ६२. सरकार एका दिशेने सरकले की लोकमत उलट दिशेला झुकते, या प्रवृत्तीला राज्यशास्त्रज्ञ थर्मोस्टॅटची, म्हणजे तापमान आपोआप समतोल ठेवणाऱ्या यंत्राची, उपमा देतात. प्रश्नाच्या शब्दांनीही आकडे हलतात. आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या कैसर फाउंडेशनच्या जानेवारी २०१९ च्या चाचणीत ‘सर्वांसाठी मेडिकेअर’ला, म्हणजे सर्वांना एकच सरकारी विमा देण्याच्या कल्पनेला, ५६ टक्के पाठिंबा होता, खासगी विमा कंपन्या बंद होतील असे सांगताच तो ३७ टक्क्यांवर आला.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांना हा प्रश्न आईवडिलांमुळे भिडतो. ग्रीन कार्डावर आलेल्या वृद्ध पालकांना तिथे नोकरीची वर्षे नसल्यास मेडिकेअरसाठी पाच वर्षांचा निवास पूर्ण करावा लागतो. २०१४ पासून मधल्या काळात त्यांना, जुने आजार असले तरी, या कायद्याखालचा विमा घेता येऊ लागला.

इतर वादग्रस्त प्रश्नांवरचे लोकमत याच चालीने जातेच असे नाही. समलिंगी विवाहाला १९९६ मध्ये २७ टक्क्यांचा पाठिंबा होता, तो २०२३ मध्ये ७१ टक्क्यांवर गेला आणि कोणत्याही मोठ्या उलट लाटेत वाहून गेला नाही. गर्भपाताबद्दलचे मत त्या मानाने दशकानुदशके फारसे हलले नव्हते. तो ‘काही परिस्थितींतच’ कायदेशीर असावा, असे मानणारेच बहुधा सर्वाधिक असत. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे घटनात्मक संरक्षण काढले आणि ऑगस्टमध्ये कॅन्सससारख्या सनातनी राज्यात सुमारे ५९ टक्के मतदारांनी गर्भपाताचा हक्क काढून घेणारी घटनादुरुस्ती फेटाळली. बंदूक विकण्यापूर्वी ग्राहकाची पार्श्वभूमी तपासावी, याला तर चाचण्यांत ८० टक्क्यांहून अधिक लोकांचा पाठिंबा दिसत आला आहे. तरीही सँडी हूक शाळेतील हत्याकांडानंतर, एप्रिल २०१३ मध्ये, सिनेटमध्ये त्यासाठीच्या दुरुस्तीला ५४ मते मिळाली. सिनेटच्या नियमांनुसार हवी होती ६०.