पटकन शोषणारं कापड आणि धरून ठेवणारं कापड

मासिक पाळीच्या कापडी पॅडसाठी कापड निवडताना बहुतेक ठिकाणी एकच चाचणी होते: वरून पाण्याचा थेंब टाकायचा, लगेच जिरला की कापड पास. यातून शोषणाचा वेग तेवढा कळतो. शोषलेलं किती धरून ठेवतं, हा निराळाच गुण. मायक्रोफायबर थेंब क्षणात गिळतं आणि वर बसलं की तितक्याच सहज सोडून देतं.

थेंबाची चाचणी वरच्या थरासाठी. ड्रॉपरने 1 सेंमी उंचीवरून थेंब टाका, त्याची चकाकी जाईपर्यंतचे सेकंद मोजा. असं पाच ठिकाणी करा. कोरं मांजरपाट इथे हमखास नापास होतं, कारण त्यावर खळ असते आणि कापसाचं नैसर्गिक मेणही. धुण्याचा सोडा घालून उकळा, मग पुन्हा तपासा. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. त्या पाण्यात साबणाचा साका धाग्यांवर बसतो आणि चांगलं कापडही थेंब झिडकारतं. त्यामुळे सगळे तुकडे एकाच गोड्या पाण्यात धुवा. सॉफ्टनर नकोच.

धारणेची चाचणी गाभ्यासाठी, म्हणजे पॅडच्या आतल्या शोषक थरासाठी, आणि गळती ठरते ती इथेच. 20 × 20 सेंमीचा तुकडा घ्या. 200 जीएसएम (चौरस मीटरला 200 ग्रॅम) कापडाचा असा तुकडा जेमतेम 8 ग्रॅम भरतो, म्हणून 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा हवा. नुसतं पाणी फार पातळ. वजनाने 40 भाग ग्लिसरीन, 60 भाग पाणी हे मिश्रण रक्ताच्या दाटपणाच्या जवळ जातं. त्यात 5 मिनिटं बुडवा, 3 मिनिटं टांगा, वजन करा. मग चौपदरी घडी टिपकागदांमध्ये ठेवून वर 1 किलोचं वजन 1 मिनिट ठेवा आणि पुन्हा तोला. दाबानंतर उरलेल्या द्रवाला कोरड्या वजनाने भागा. निवड या आकड्यावर करा, टांगल्यानंतरच्या फुगीर आकड्यावर नाही.

‘बांबू’ म्हणून मिळणारं कापड बहुधा व्हिस्कोज असतं: बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवलेला. ‘जंतुरोधक’ या लेबलावर विसंबू नका. ओलं व्हिस्कोज कमकुवत होतं, ओला कापूस उलट बळकट. दगडावर आपटून धुण्याची रीत असेल तर सुती फलालीनच बरं.

जास्त धरणारा गाभा वाळायलाही जास्त वेळ घेतो. कोकणातल्या जुलैत तो हाताला कोरडा लागला तरी काट्यावर ओला निघतो. म्हणून गाभा पॅडला शिवून टाकू नका. खिशात सरकवता येईल आणि उलगडून वाळवता येईल असा सुटा ठेवा.