तर्जनी : १४ टक्के

दिवाळीच्या आगेमागे जळगाव-धरणगावकडचे कापसातून सरकी काढणारे जिन सुरू झाले, की कुठूनतरी बातमी येतेच : रोलरमध्ये हात गेला. लोक म्हणतात, "नशीब त्याचं." खंडेनवमीला मशीनवर लिंबू-मिरची बांधतात, पण रोलरसमोर जाळी नसते. लिंबाने बोट वाचल्याचे मला तरी ठाऊक नाही.

"चूक त्याचीच" हे वाक्य आणखी जुने. इंग्लंडात १८३७ साली जादा माल भरलेली गाडी मोडून खाटकाच्या नोकराची मांडी मोडली, तेव्हा कोर्टाने मालकावर जबाबदारी टाकली नाही. जर्मनीत १८८४ मध्ये अपघात विम्याचा कायदा झाला. आपल्याकडचा कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ चा, अंमल १ जुलै १९२४ पासून. (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली.) मालकाची चूक सिद्ध करण्याची गरजच १९२३ च्या कायद्याने काढून टाकली. अपघात कामातून आणि कामावर असताना झाला, एवढे साधारणपणे पुरे. अमळनेरला तेव्हा प्रताप मिल ही कापड गिरणी चालू होती.

रक्कम मात्र ठोकळ होती : प्रौढ कामगार दगावला तर ३० महिन्यांचा पगार, कायमचा निकामी झाला तर ४२. (जिवंत माणसाला खायलाही लागते.) पण वीस वर्षांचा आणि साठीचा दोघांना माप एकच. १९८४ च्या दुरुस्तीने वयानुसार गुणक आणला, म्हणजे पगाराच्या ठरावीक हिश्श्याला कितीने गुणायचे तो आकडा, आणि मला त्या कायद्यात सर्वांत आवडते ते हेच.

कायद्याच्या तक्त्यात सोळाव्या वर्षी गुणक २२८.५४, पासष्टीला ९९.३७. आता सोळापासून साठपर्यंत महिने ५२८, मग २२८ च का? कारण रक्कम एकदम मिळते आणि तिला व्याज लागते. ५ टक्के दराने १० वर्षांनंतरच्या १०० रुपयांची आजची किंमत ६१, तर ३० वर्षांनंतरच्या शंभरांची अवघी २३. दूरचे पगार असे झिजत जातात. ४४ वर्षांची अशी बेरीज साधारण २१२ महिन्यांवर येते. तक्त्यातला आकडा त्याच पट्टीतला.

आता बोट. पगार १२,००० चा, वय २५, गुणक २१६.९१. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२००. गुणिले गुणक, १५,६१,७५२ : ही कायमचा पूर्ण निकामी झाल्याची भरपाई. पूर्ण तर्जनी गेली तर त्याचे १४ टक्के : २,१८,६४५ रुपये. अंगठा अख्खा गेला तर ३० टक्के, कारण पकड त्याच्यावर.

गुणाकार सुरू होतो पगाराच्या आकड्यापासून. हंगामी मजुराचा तो आकडा बहुतेक वेळा मस्टरवर नसतो, मुकादमाच्या खिशातल्या वहीत असतो.