वास्तुकार्यक्रम

इमारतीचा नकाशा काढण्यापूर्वी तीत कोणत्या जागा लागतील, किती, केवढ्या आणि कोणती कोणाला लागून, हे ठरवून लिहून काढण्याचे काम. वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांत यास ‘प्रोग्रॅम’ वा ‘ब्रीफ’ म्हणतात. घर बांधणाऱ्याच्या तोंडी ती ‘रिक्वायरमेंट’.

उगम : पद्धत म्हणून तिचे श्रेय सामान्यतः टेक्सासमधील कॉडिल, रोलेट, स्कॉट या वास्तुविशारद संस्थेला देतात. ओक्लाहोमातील ब्लॅकवेल येथील शाळांच्या कामी, १९४८च्या सुमारास, या मंडळींनी गावातच तळ ठोकून शाळा वापरणाऱ्यांसमोर आराखडे केले. याच संस्थेतील विल्यम पेन्या व विल्यम कॉडिल यांनी १९५९ मध्ये लेख लिहून विश्लेषण आरेखनाआधी हवे असे मांडले. १९६९ च्या पेन्या यांच्या पुस्तकात त्याच्या पाच पायऱ्या झाल्या : उद्दिष्टे, वस्तुस्थिती, संकल्पना, गरजा, समस्येचे विधान. शब्द मात्र जुना आहे. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत स्पर्धेसाठी विद्यार्थ्यांच्या हाती ‘प्रोग्राम’ देत. पण तो प्राध्यापकांनी आयता लिहिलेला असे, आणि वापरणाऱ्याला विचारणे हेच या कामाचे मर्म धरल्यास तो पूर्वज दूरचाच. खाटेगणिक जागा व हवा मोजणारे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे रुग्णालयांवरील लेखन (१८५९) त्याहून जवळचे वाटते. जर्मन वास्तुविशारद एर्न्स्ट नॉयफर्ट यांच्या मापपुस्तकाने (१९३६) मापे दिली, विचारपूस नाही.

हिशेब : जागांच्या यादीची बेरीज म्हणजे निव्वळ क्षेत्र. भिंती, जिने, बोळ, शौचालये, यंत्रांच्या खोल्या धरून स्थूल क्षेत्र होते. या दोहोंचे गुणोत्तर ती कार्यक्षमता. चूक हमखास इथे होते. निव्वळ ६५० चौ. मी. आणि कार्यक्षमता ६५ टक्के असेल, तर स्थूल क्षेत्र १,००० चौ. मी. (६५० ÷ ०.६५). नवखा ६५० मध्ये ३५ टक्के मिळवून ८७७.५ काढतो; कमी पडलेले १२२.५ चौ. मी. पुढे बोळांतून वा खोल्यांतून कापले जातात.

भारत : राष्ट्रीय इमारत संहितेत, राहती खोली एकच असल्यास, तिच्यासाठी किमान ९.५ चौ. मी. क्षेत्र व २.४ मी. रुंदी सांगितली आहे. ही किमान मापे आहेत, गरज नव्हे. प्रत्यक्षात यादीत पुष्कळदा तीच उतरतात. मराठीत ‘चटई क्षेत्र’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो, एक सदनिकेचे वापरण्याजोगे क्षेत्र, दुसरा ‘चटई क्षेत्र निर्देशांका’तला (भूखंडाच्या मानाने मोजायचे सर्व मजल्यांचे बांधीव क्षेत्र), म्हणून यादीत क्षेत्र लिहिताना कोणते ते नमूद करावे लागते.