शाळेला पुस्तकं देण्याची गोष्ट : जमिनीच्या दानापासून वाचन कोपऱ्यापर्यंत

खेड्यातल्या शाळेला पुस्तकं द्यायची, एखादी खोली रंगवून वाचन कोपरा करून द्यायचा, हे सगळं कंपन्यांच्या सीएसआरपासून, म्हणजे सामाजिक कामावरच्या सक्तीच्या खर्चापासून, सुरू झालं असा अनेकांचा समज आहे. नागपूरपुरता तरी हा इतिहास बराच जुना आहे आणि तो सुरू होतो शेतजमिनीपासून.

नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं. १९३७ च्या निवडणुकीनंतर काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि शिक्षण खातं पंडित रविशंकर शुक्ल यांच्याकडे गेलं. असंख्य खेड्यांत शाळा नव्हती, तिजोरीत पैसा नव्हता. शुक्लांनी विद्या मंदिर योजना मांडली. गावातल्या ऐपतदारानं जमीन दान द्यायची आणि तिच्या उत्पन्नातून मास्तरांचा पगार व शाळेचा खर्च भागवायचा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समितीनं नई तालीमचा, म्हणजे हातच्या कामातून शिकवण्याच्या गांधीजींच्या कल्पनेचा, अभ्यासक्रम आखला आणि ही योजना त्या विचाराशी जोडली गेली. योजनेच्या नावावरून मुस्लिम लीगनं कडाडून विरोध केला. १९३९ मध्ये मंत्रिमंडळानं राजीनामा दिला, तसा योजनेतला जोरही गेला. आज ती फारशी कुणाला आठवत नाही. तिच्यातला हिशेब मात्र पक्का होता. दान एकदाच द्यायचं, पण त्याचं पीक दरवर्षी यावं. पुढच्या काळात दाते नेमकं हेच विसरले, असं माझं मत आहे.

पुस्तकांच्या बाबतीत असा विचार त्याआधीच बडोद्यात झाला होता. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळा सुटल्यावर वाचायला काही मिळालं नाही, तर शिकलेली अक्षरंही पुसली जातात. म्हणून १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगावच्या ग्रंथालयांची घडी बसवली गेली. फिरती वाचनालयं त्याचाच भाग. पुस्तकांची पेटी एका गावात वाचून झाली की पुढच्या गावाला जायची. आपल्याकडच्या शिक्षकांना पेटी वाचनालय ओळखीचं आहे, त्याचं मूळ या विचारात आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, शिक्षकाच्या पगाराची काळजी सरकारकडे गेली. दात्यासाठी मग वस्तू उरल्या : घड्याळ, पंखा, कपाट, आणि त्यावर रंगवलेलं नाव. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानं गावातल्या वाचनालयांना अ, ब, क, ड वर्ग आणि अनुदान दिलं. पण शाळेचं कपाट या व्यवस्थेच्या बाहेरच राहिलं. एकाच गावात शासनमान्य वाचनालय आणि शाळा असूनही दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, हे विदर्भात काही नवलाचं नाही.

शाळांमध्ये सरकारी पुस्तकं मोठ्या प्रमाणावर पोचली ती १९८७ नंतर, खडू-फळा मोहिमेत. किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य असं तिचं स्वरूप, आणि त्या साहित्यात मुलांची पुस्तकंही होती. खरी अडचण इथून सुरू होते. शाळेत आलेली वस्तू डेड स्टॉकमध्ये, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, चढते. गुरुजींची बदली झाली की चार्ज देताना एकेक नग मोजून द्यावा लागतो. कमी भरला तर उत्तर द्यायचं, फाटला तर निर्लेखनाचा, म्हणजे तो नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव करायचा. पहिलीतल्या पोरानं पुस्तक घरी नेलं, धाकट्या भावानं त्याचं पान फाडलं, तर याची भरपाई कोण देणार? त्यापेक्षा कुलूप बरं. त्यात आळस किती आणि भीती किती, हे वेगळं काढता येत नाही, पण मला भीतीचं पारडं जड वाटतं. ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा पहिला नियम १९३१ सालचा; नोंदवहीला तो कुणी सांगितलाच नाही.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वृत्तपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत. सांभाळणाऱ्या माणसाचा उल्लेख तिथे नाही. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. तेच शिकवणार, तेच पोषण आहाराचा हिशेब ठेवणार, तेच ग्रंथपाल.

दरम्यान देण्याजोगी पुस्तकंही बदलली. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून आहेच. २००४ मध्ये प्रथम बुक्स ही मुलांची पुस्तकं काढणारी ना-नफा संस्था सुरू झाली आणि मराठीत स्वस्त, पातळ, मोठ्या चित्रांची पुस्तकं भरपूर मिळू लागली. त्याआधी दानाच्या गठ्ठ्यात जाड चरित्रं, बोधकथा आणि (खोटं कशाला बोला) घरातली रद्दी, जुनी गाइडं असायची. अजूनही असतात. १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं आलं. वेकोलि (कोळसा) आणि मॉयल (मँगनीज) या दोन मोठ्या सरकारी खाण कंपन्यांची मुख्यालयं तर नागपुरातच आहेत. पुढच्याच वर्षी राज्य सरकारच्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानं लोकसहभागावर भर दिला आणि १५ ऑक्टोबर हा डॉ. कलामांचा जन्मदिवस वाचन प्रेरणा दिन झाला. बुटके रॅक, सतरंजी, भिंतीवर चित्रं असा कोपरा मग गावोगाव दिसू लागला.

रामटेक तालुक्यात देवलापारकडे गेलं की आणखी एक पेच समोर येतो. तिथल्या काही मुलांच्या घरची बोली गोंडी, कानावर हिंदीही असते, आणि दानात आलेलं पुस्तक पुणेरी मराठीत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या खुल्या संचात गोंडी गोष्टीही आहेत, पण दाता छापील मराठीच घेतो, कारण दुकानात तीच मिळते.

गरिबाला वाचनाची गोडी नाही, हे मात्र नागपुरात कुणी म्हणू नये. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर खेड्यापाड्यांतून आलेली माणसं पुस्तकांच्या स्टॉलवर रांगा लावतात. पिशवीत भाकर बांधून आलेला माणूस पदरचे पैसे मोजून पुस्तक घेतो, आणि ते घरात मुलांच्या हाती पडतं. त्याची डेड स्टॉकला नोंद नसते.

समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. एक चित्रपुस्तक साठ-सत्तर रुपयांना धरलं, तर सत्तर-ऐंशी पुस्तकं होतात. लहान शाळेत वर्षभरात फाटतील आणि हरवतील, त्यांची जागा भरायला एवढी पुरेत. दात्यानं पुढची पाच वर्षं तेवढीच भर घालायचं कबूल केलं, नवा कोपरा नाही उभारला तरी चालेल, आणि फाटलेल्या पुस्तकाचा जाब गुरुजींना विचारायचा नाही असं शाळा व्यवस्थापन समितीनं ठरावात लिहून दिलं, तर कपाटाला कुलूप घालायचं कारणच उरणार नाही.