ग्रिडमध्ये नवा बॉक्स जोडताना

ऑफिसातला संगणक सुरू झाला की त्याला आयपी पत्ता देतो तो डीएचसीपी सर्व्हर. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देतो तो डीएनएस सर्व्हर. शाखा पन्नास असल्या तर पन्नास ठिकाणी लॉगिन करून हे सांभाळायला माणसं कुठून आणायची? इन्फोब्लॉक्स कंपनीच्या उपकरणांत त्यासाठी 'ग्रिड' असते: एक बॉक्स मास्टर, बाकीचे मेंबर. बदल मास्टरवर करायचा, मेंबरकडे तो आपोआप पोचतो.

नवा मेंबर जोडताना आधी मास्टरवर जायचं. तिथे त्याचं पूर्ण होस्टनेम, आयपी, सबनेट मास्क (नेटवर्कचा आपला भाग, म्हणजे सबनेट, केवढा ते सांगणारा आकडा) आणि गेटवे (बाहेर जाण्याच्या राउटरचा पत्ता) नोंदवायचा. ही नोंद राहिली तर मास्टर नव्या बॉक्सला ओळखच देत नाही. मग बॉक्सला कन्सोल केबल (थेट कमांड देण्याची केबल) लावून (वेग 9600 बॉड) 'सेट नेटवर्क' ही कमांड द्यायची. पत्ते विचारून झाले की ती ग्रिडचा मेंबर व्हायचंय का, असं विचारते. 'हो' म्हटलं की मास्टरचा पत्ता, ग्रिडचं नाव आणि शेअर्ड सीक्रेट (ग्रिडचा सामाईक पासवर्ड) द्यायचं. मूळचं सीक्रेट नुसतं 'टेस्ट' असतं. ग्रिड उभारतानाच ते बदललेलं बरं.

इथून पुढे बहुतेक वेळा अडतं ते फायरवॉलवर. एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांची देवाणघेवाण यूडीपी पोर्ट 2114 वर होते आणि नंतरचा व्हीपीएन बोगदा (मास्टर-मेंबरमधला सुरक्षित मार्ग) यूडीपी पोर्ट 1194 वर चालतो. सवयीने यूडीपीऐवजी टीसीपी (माहिती पाठवण्याची दुसरी पद्धत) उघडलं जातं. पिंग व्यवस्थित जातो, पण मेंबर काही ऑनलाइन येत नाही.

जोडणी झाली की बॉक्सवरची जुनी माहिती पुसली जाते आणि ग्रिडची येते. लॉगिनचे पासवर्डही ग्रिडचेच लागू होतात, म्हणून काल चालणारा पासवर्ड आज चालला नाही तर घाबरू नका. सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी असेल तर बॉक्स मास्टरकडून ती घेऊन रीस्टार्ट होतो. लाइन मंद असेल तर याला बराच वेळ लागतो. अधीर होऊन वीज काढू नये.

दोन बॉक्सची हाय अव्हेलेबिलिटी (एचए) जोडी, म्हणजे एक बंद पडला की दुसरा काम घेतो अशी, असेल तर पत्ते पाच लागतात: प्रत्येकाचे लॅन आणि एचए पोर्टचे मिळून चार, अधिक एक सामाईक. सगळे एकाच सबनेटमधले. व्हीआरआयडी (जोडीचा ओळख क्रमांक) 1 ते 255 मधला असतो आणि जोडीच्या आभासी मॅक पत्त्याचा (नेटवर्क पोर्टच्या ओळखीचा पत्ता) शेवटचा भाग त्यावरूनच ठरतो. त्याच सबनेटमधल्या राउटरनेही तोच आकडा घेतला असेल, तर दोघांचा मॅक एकच होतो आणि पॅकेट भलतीकडे जातात. हे बॉक्स जोडलेल्या स्विचच्या पोर्टवर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच चालू करणारी सोय) सुरू ठेवायचं. नाहीतर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये पॅकेट गोल फिरत राहू न देणारी व्यवस्था) पोर्टला तीसेक सेकंद अडवून धरतो, आणि तेवढ्यात दोन्ही बॉक्स स्वतःलाच सक्रिय समजू शकतात.

मेंबर हिरवा दिसला तरी काम संपलेलं नसतं. डीएनएस, डीएचसीपी सेवा मुद्दाम सुरू कराव्या लागतात; झोन (डीएनएसमधला नावांचा गट) आणि पत्त्यांची रेंज त्या मेंबरला नेमून द्यावी लागते. शाखेच्या राउटरवरचा डीएचसीपी रिले (संगणकांच्या विनंत्या सर्व्हरकडे पोचवणारी सोय) मात्र कुणी बघत नाही. तो जुन्याच सर्व्हरकडे विनंत्या पाठवत राहिला, तर नव्या बॉक्सकडे एकही संगणक फिरकत नाही.